बारा दिवसांचं दोहा आणि पप्पांचं खोकं

एअरपोर्टवर मी रडणार होते. ठरलेलंच होतं ते. मैत्रिणींनी ग्रुपवर बजावून ठेवलेलं, "ए, पप्पा दिसले की पहिला फोन चालू कर, रडतानाचा व्हिडिओ पाहिजेच." मी विमानात प्रॅक्टिससुद्धा केली. म्हणजे खिडकीकडं तोंड करायचं, पप्पांचं काहीतरी आठवायचं आणि डोळ्यांत पाणी येतंय का बघायचं. येत नव्हतं. म्हटलं, समोर दिसले की येईल.

पप्पा समोर दिसले. अंगात कंपनीचं निळं जॅकेट, हातात माझ्यासाठी पाण्याची बाटली. माझ्या डोक्यात होते त्यापेक्षा बारके. मी फोन चालू केला, हसले, आणि काहीच झालं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात ना, मग गालाला हात लावला तरी तो गाल आपला वाटत नाही, तसं झालं.

"आलीस?"

"आले."

"इमानात जेवाय दिलं का?"

"हो, पनीर होतं."

"पाणी पी."

झालं. एवढंच. मी पाणी प्यायले आणि आम्ही पार्किंगकडं चालायला लागलो. तो व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे आणि त्यात कोणीच रडत नाही.

मी तेवीस वर्षांची आहे आणि पप्पा बावीस वर्षं कतारमध्ये आहेत. अल खोरला राहतात, दोह्यापासून वर तासाभराच्या अंतरावर. ड्रायव्हर आहेत. पहाटे कंपनीच्या मोठ्या बसमधून माणसं गॅसच्या प्लांटवर सोडायची, संध्याकाळी परत आणायची. दोन वर्षांतून एकदा चाळीस दिवस आमच्याकडं गावी, सांगलीजवळ. आमच्याकडं म्हणजे त्यांच्याच घरी, पण आम्ही असंच म्हणतो. ते आले की आई पलंगावर नवीन चादर घालते, टीव्हीचा आवाज कमी करते, त्यांना स्टीलच्या ताटाऐवजी काचेची प्लेट देते. पप्पांना चमचे कुठल्या ड्रॉवरमध्ये आहेत माहीत नसतं. ते विचारत नाहीत आणि हाताने खातात. पंधरा दिवस झाले की ते घरातल्या वस्तू इकडच्या तिकडं करायला लागतात, आणि मग त्यांची जायची तारीख येते.

या वेळी त्यांनीच बोलावलं. फोनवर म्हणाले, "मार्चमधी कॉन्ट्रॅक्ट संपतंय. फायनल यायच्या आदी तू एकदा बघून जा कुठं ऱ्हातो ते." आई म्हणाली जा. मी तर काय, पासपोर्ट काढून तयारच होते.

आणि आता खरी गोष्ट. एअरपोर्टवरून निघालो ती गाडी पप्पांच्या मित्राची होती, जुनी, सीटला टॉवेल घातलेला. पप्पांनी मुद्दाम लांबचा रस्ता धरला. एका वळणावर समुद्र आला आणि पाण्याच्या पलीकडं सगळ्या बिल्डिंगा एकदम उभ्या राहिल्या. संध्याकाळ नुकती होत होती, दिवे लागत होते, एक बिल्डिंग जांभळी, एक पिळल्यासारखी, एक अशी की कुणीतरी वरून चिमटीत धरलीय. अलीकडं लाकडी होड्या बांधलेल्या. मी ओरडलेच. "पप्पा थांबवा थांबवा थांबवा!"

"हितं थांबता येत न्हाय. फाइन हाय."

"मग परत फिरवा ना!"

त्यांनी परत फिरवली. तीन वेळा फिरवली. मी काच खाली करून अर्धी बाहेर, केस तोंडात, आणि ओरडतेय. मी प्रेमात पडले. हे मी सिरियसली सांगतेय, आमच्या कॉलेजातल्या एकाही मुलाबद्दल मला असं कधी झालेलं नाही. तिसऱ्या फेरीला पप्पा हसले. त्यांचा एक दात बाजूचा पडलाय हे मला तेव्हा दिसलं.

राहायला मी अल अझीझियाला होते, एका पुण्याच्या कुटुंबाकडं. पप्पांच्या खोलीत सहा माणसं राहतात आणि त्या गेटच्या आत बायकांना सोडत नाहीत. हे काका इंजिनियर, आधी अल खोरला असताना अकरा वर्षं पप्पांच्या बसने प्लांटवर जायचे. काकूंनी मला मुलांच्या खोलीत गादी दिली, वर कपाटातला एक कप्पा. पप्पा मला सोडायला आले तेव्हा बूट बाहेर काढून, सोफ्याच्या अगदी टोकाला बसले.

"मामा, नीट बसा हो," काका म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही आम्हाला बसवलंत."

"न्हाय साहेब, बरा हाय हितंच."

बसमधले सगळे पप्पांना मामा म्हणतात, हे मला पहिल्यांदा कळलं. काका सांगत होते, "मला उशीर झाला की मामा दोन मिनिटं थांबायचे. फक्त माझ्यासाठी हां. आणि पहाटे सगळी बस झोपलेली असायची ना, तेव्हा हे हळूच गाणी म्हणायचे. आम्ही डोळे मिटून ऐकायचो, उठलो असं दाखवायचो नाही, नाहीतर थांबतील म्हणून. घरी म्हणतात की नाही?"

मी म्हटलं, "हो, म्हणतात की."

नाही म्हणत. मी कधीच ऐकलं नाहीये. पप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

पुढचे चार दिवस मी काय काय केलं ते सांगायला बसले तर संपणार नाही. सकाळी काकू मुलांना शाळेत सोडायच्या आणि मला मेट्रो स्टेशनवर. मग मी एकटी! मेट्रोला ड्रायव्हरच नाही. पुढच्या डब्यात पुढच्या काचेला नाक लावून उभं राहायचं आणि बोगदा अंगावर येतो. बसस्टॉपला एसी. लिफ्टमध्ये कुणीतरी उतरून गेलं तरी उदाचा वास मागं राहतो, मी त्या वासासाठी एकदा उगीच वरखाली करून आले. जुन्या बाजारात एक म्हातारा माणूस ससाणा हातावर घेऊन मोबाइलवर बोलत होता, जसं आपल्याकडं कोणी पिशवी धरून बोलेल. हवा गार. जानेवारी होता. कराक चहाच्या टपरीसमोर गाडी लावून नुसता हॉर्न वाजवायचा, चहा गाडीत. काकूंना रोज संध्याकाळी मी सगळं परत सांगायचे, एका दमात.

"अगं श्वास घे," काकू म्हणायच्या. "मी इथं इतकी वर्षं आहे, मी अजून ते म्युझियम आतून बघितलेलं नाही. तू आल्या आल्या उरकलंस पण."

त्यांची आठ वर्षांची मुलगी माझे फोटो बघून म्हणाली, "दीदी, इट्स जस्ट अ बस स्टॉप."

"पण एसी आहे त्याला!"

"सो?"

पप्पा दुपारच्या मधल्या वेळात जमेल तसं यायचे, एका नेपाळी ड्रायव्हरशी ड्युटी बदलून. इथले पप्पा वेगळेच होते. कुठल्या रस्त्याला कधी ट्रॅफिक, कुठली बिल्डिंग आधी काय होती, कुठं वाळूच होती, सगळं माहीत. अरबीत बोलायचे, पठाण मेकॅनिकशी हिंदीत थट्टा करायचे, यल्ला यल्ला म्हणत सिग्नल सुटायच्या आत गिअर टाकायचे. कराकवाल्याकडं मात्र हॉर्न वाजवायचे नाहीत. दिवा एकदा मिचकावायचे. म्हटलं असं का, तर म्हणाले, "दिवसभर हार्नच ऐकतोय की बिचारा."

मला हे पप्पा आवडत होते. म्हणजे आवडत होते असं मी डोक्यात म्हणत होते. आत मात्र ते इंजेक्शन उतरलेलं नव्हतं. ते शेजारी बसून चहा प्यायचे आणि मी बिल्डिंगांचे फोटो काढायचे. पप्पांचा एकट्याचा फोटो माझ्या फोनमध्ये एकच आहे, तोही आरशात आलेला.

शुक्रवारी त्यांना सुट्टी. मला आधी अल खोरला नेलं, खोली बाहेरून दाखवायला. गेटपाशी गाडी लावली आणि आतून चार माणसं एक मोठं खोकं उचलून घेऊन आली. एक रत्नागिरीचे सुतार, एक बीडचे वेल्डर, दोघं केरळचे. खोकं इतकं चौकोनी बांधलेलं की कडेवर बोट कापेल.

तिथली पद्धत अशी आहे की कुणी घरी निघाला की त्याचं खोकं तो स्वतः बांधत नाही. खोलीतले बांधतात. जाणाऱ्याने फक्त कॉटवर बसून कुठलं कुठं ठेवायचं ते बघायचं. आणि जो कायमचा निघाला त्याच्या खोक्यावर मार्करने सगळ्या बाजूंनी फायनल लिहायचं. पप्पांच्या खोक्यावर लिहिलेलं होतं. पप्पा दोन महिन्यांनी निघणार होते, पण मी आलेच आहे तर निम्मं सामान माझ्याबरोबर जाऊ दे, असं ठरलेलं. मला विमानात तीस किलो सामान नेता येत होतं आणि माझी बॅग जेमतेम सात किलोची.

"पोरी, तुझ्या बापाचं खोकं आमी तीनदा सोडून परत बांधलंय," सुतारकाका म्हणाले. "ह्येका काय समाधान नाय. कुकर वर ठेवा, कुकर खाली ठेवा."

"कुकरची शिट्टी मोडंल की," पप्पा म्हणाले.

"मोडली तर मोडली, गावाक जाऊन बायकोच्या हातचं खाणार तू आता. शिट्टी कशाक हवी?"

सगळे हसले. पप्पा लाजले. खरंच लाजले, मान खाली घालून. मी विचारलं आत काय काय आहे. कुकर, गजराचं घड्याळ, इस्त्री, सुतारकाकांनी प्लायवूडचं करून दिलेलं पोळपाट, आणि जाड ब्लँकेट, वाघाच्या चित्राचं.

"ब्लँकेट? मग तुम्ही काय घेता?"

"जॅकेट हाय की."

तिथून आम्ही समैस्माला गेलो. समुद्राचं गाव आहे, पाणी मागं सरलेलं, ओल्या वाळूत लोक चटया टाकून बसलेले, लहान पोरं खेकडे शोधत होती. आम्हीपण बसलो. काकूंनी दिलेली थालीपीठं खाल्ली. पप्पा बराच वेळ वाळूवर बोटाने रेघा मारत होते, मग म्हणाले, "एक सांगायचं हुतं."

"सांगा की."

"कंपनीनं परत फॉर्म दिलाय. दोन वर्सं वाडवून देत्यात. सही करायची तर बेस्तरवारपातूर. न्हाय केली तर मार्चला खलास, घरी."

"पण तुम्ही तर फायनल येणार आहात ना?"

"यायचंच हाय. पन तुझ्या आईला इचारलं, ती म्हन्ली तुमचं तुमी बगा." रेघ पुसली. "म्हनून तुला इचारतोय. तुला काय वाटतंय? येऊ का?"

मी त्यांच्याकडं बघितलं. मला कळत होतं की माझ्याकडून एक शब्द पाहिजे आहे, एकच, आणि तो अवघड नाही. या. इतकाच. माझ्या डोळ्यांसमोर आली ती काचेची प्लेट, कमी केलेला टीव्ही, ड्रॉवर न उघडता हाताने खाणारा माणूस, आणि आता तो चाळीस दिवसांनी जाणार नाही. मी आत शोधलं, पाहिजेत की नकोत. दोन्ही सापडलं नाही.

"बघू ना पप्पा," मी म्हटलं. "अजून वेळ आहे की."

"व्हय, हाय की येळ," ते म्हणाले. आणि मग मी म्हटलं, ते बघा फ्लेमिंगो, आणि पळाले फोटो काढायला.

शनिवार ते मंगळवार मी परत शहरात. त्या दिवसांत मी जरा जास्तच बोलायला लागले, हे मला आता कळतं. पप्पा भेटले की एक क्षण गप्प बसायचं नाही. पप्पा ती बिल्डिंग कुठली, पप्पा इथं जॉब मिळतो का हो मुलींना, पप्पा मी परत येणार, पप्पा मला हे शहर इतकं आवडलंय की मी जाणारच नाही. ते ऐकायचे. "लई आवडलं न्हवं?" म्हणायचे. मी म्हणायचे लई म्हणजे लईच. ते मान हलवायचे.

बुधवारी मी त्यांना मेट्रोत नेलं. बावीस वर्षांत ते मेट्रोत बसले नव्हते. तिकिटाच्या मशिनसमोर ते माझ्या मागं उभे राहिले, आणि कार्ड टेकवायचं कसं ते मी त्यांना दाखवलं. पुढच्या काचेपाशी नेलं. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, वाकून खाली बघितलं.

"ह्यो चालवतो कोन?"

"कुणीच नाही! कॉम्प्युटर!"

"मंग आमच्या पोटावर पाय की." हसले. मग हळूच, "उशीर झाला तर दोन मिनटं थांबत नसंल."

"नाही ना, दार बंद."

"व्हय."

गाडी सुटली आणि मी व्हिडिओ चालू केला. बोगद्यातले दिवे गोल गोल येऊन अंगावरून जात होते, फार भारी दिसत होतं. पप्पा शेजारी दांडी धरून उभे. कधी नव्हे ते मोठ्याने, गाडीच्या आवाजावरून ऐकू यावं म्हणून, ते म्हणाले, "मंग काय करू गं? सही करू का येऊ?"

मी म्हटलं, "एक मिनिट पप्पा, व्हिडिओ चालू आहे."

मला नीट ऐकू आलं होतं. प्रश्न काय आहे तेही कळलं होतं आणि दुसरा दिवस गुरुवार आहे हेही माहीत होतं. मी हात स्थिर ठेवला, कारण व्हिडिओ हलला असता. एका मिनिटाची दोन मिनिटं झाली, स्टेशन आलं, दार उघडलं. आम्ही उतरलो. त्यांनी परत विचारलं नाही. मीही, काय म्हणत होता पप्पा, असं म्हटलं नाही. सरकत्या जिन्यावर ते माझ्या खालच्या पायरीवर उभे होते आणि त्यांचं डोकं वरून दिसत होतं, मध्ये केस गेलेले.

तो व्हिडिओ मी त्याच संध्याकाळी टाकला. खूप चालला. वर म्युझिक लावलेलं, त्यामुळं बोललेलं ऐकू येत नाही.

गुरुवारी पप्पा आले नाहीत. ड्युटी आहे म्हणाले. काकूंनी मला खजूर, सुकामेवा, आईसाठी अत्तर घेऊन दिलं. खोकं त्यांच्या दारापाशी होतं, येता जाता मुलं त्यावर बसायची.

शुक्रवारी दुपारचं विमान. पप्पा सकाळीच आले, खोकं आणि बॅग गाडीत टाकली, काकूंना नमस्कार केला. एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि डिकी उघडली. मला वाटलं ट्रॉली आणतील. ते तिथंच उभे राहिले, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि खोक्याची टेप किल्लीने फाडायला लागले.

"पप्पा काय करताय?"

"सही केली काल."

"बरं," मी म्हटलं.

"दोनच वर्सं."

"बरं."

टेप चिकट होती, निघत नव्हती. मी एक टोक धरलं. पप्पांनी ब्लँकेट काढलं, मागच्या सीटवर ठेवलं. कुकर काढला, शिट्टी तपासली. घड्याळ, इस्त्री, पोळपाट. एकेक करून. शेजारच्या गाडीतलं एक कुटुंब आमच्याकडं बघत होतं. खाली आईसाठी घेतलेल्या दोन साड्या आणि दुधाच्या पावडरचे डबे होते, ते त्यांनी माझ्या बॅगेत नीट बसवले, कपड्यांच्या मध्ये, हलणार नाहीत असे. मग रिकामं खोकं उलटं केलं, तळाची टेप सोडवली, घडी घातली.

"हे ऱ्हाऊदे. पुडच्या टायमाला लागंल." आणि ते सपाट खोकं डिकीत सरकवलं. फायनलमधली अर्धी अक्षरं वर आली होती.

"तू येशील न्हवं परत?" ते म्हणाले. "तुला तर लई आवडलंय."

"हो," मी म्हटलं. "येणार म्हणजे येणारच."

"मंग झालं तर."

मला हसू आलं, म्हणजे तोंड हसलं. बोलण्यासारखं तेव्हाही होतं. फॉर्म काय, ऑफिसमध्ये जाऊन परत मागता आला असता, बावीस वर्षं काम केलेल्या माणसाला कुणी नाही म्हटलं नसतं. मी ट्रॉली घेतली. आता दोघांनी धरायला लागत नव्हती इतकी ती हलकी होती, तरी पप्पांनी एका बाजूने धरली. आत जायच्या दारापाशी त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

"पाणी पी."

प्यायले.

विमान वर चढलं तेव्हा खिडकीतून सगळं दिसलं, पाणी, बिल्डिंगा, वरचा रस्ता सरळ अल खोरकडं गेलेला. मी फोटो काढले. छान आलेत.

घरी आले तेव्हा आई दारातच होती. माझ्या मागं बघितलं तिने, रिक्षात अजून काही आहे का म्हणून. बॅग उघडली, साड्या काढल्या, डबे काढले, अत्तराचा वास घेतला.

"त्यांचं सामान?"

"त्यांनी सही केली, आई. दोन वर्षं."

"फोनवर काय बोलले न्हाईत."

"परवाच केली."

आई आत गेली. मी पाय धुवून गेले तर ती कपाटासमोर उभी होती. मधला मोठा कप्पा रिकामा केलेला होता, खाली नवीन कागद अंथरलेला, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. मी दोह्याला गेले तेव्हा त्यात तिच्या साड्या होत्या. तिने कधी रिकामा केला मला माहीत नाही, मला सांगितलं नव्हतं, आणि त्यांना तर नाहीच. ती पलंगावरच्या गठ्ठ्यातून एकेक साडी उचलून परत आत रचायला लागली. मीही गठ्ठ्यातल्या साड्या तिच्या हातात देत गेले.

शेवटची साडी ठेवून तिने दार लावलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला आवडलं का गं तिकडं?"

"लई," मी म्हटलं. आणि फोन काढून तिला मेट्रोचा व्हिडिओ दाखवायला लागले.

"म्युझिक बंद कर की," आई म्हणाली. "तुमचं बोलणं ऐकू येईना झालंय."

मूळ व्हिडिओ फोनमध्ये होता. मी तो लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

आईने तो शेवटपर्यंत बघितला. मग बोटाने मागं नेऊन परत बघितला. टीव्ही चालूच होता, तिने आवाज कमी केला.